रीमचा गुडघा

दत्ताभाऊ पेडणेकर मॅटच्या कडेला उभे राहिले की वाटायचं, ह्या माणसाचं काहीतरी खाली पडलंय आणि तो ते शोधतोय. मान खाली, हात पाठीमागे, खांद्यावर टॉवेल, तोंडात बडीशेप. आपला खेळाडू चढाईला गेलाय, लोक ओरडतायत, शिट्ट्या वाजतायत, आणि आमचे कोच समोरच्या संघाच्या पायांकडे टक लावून उभे. "माणूस तोंडाने फसवतो वहिनी, पायांनी नाही जमत त्याला," असं त्यांनी मला एकदा समजावलं. मी म्हटलं, "भाऊ, पाय बघून झाले असतील तर जरा स्कोअरबोर्डही बघा." आम्ही तेव्हा सणसणीत हरत होतो. तेव्हा म्हणजे काय, त्या वर्षी आम्ही हरतच होतो.

मी परळची. तीन भाऊ, तिघेही कबड्डीवेडे, आणि मैदान खिडकीखाली. बायकांनी सामन्याला यायचं नाही, असं आमच्याकडे कोणी म्हटलं असतं तर आईनेच त्याला धरून रेषेबाहेर काढलं असतं. लग्न होऊन पुण्यात गेले, तर सासरी कबड्डी म्हणजे अंगाला माती लावून घ्यायचा प्रकार. मग ह्यांच्या नोकरीपायी अबुधाबी. अल रीम आयलंडवर उंच टॉवरमध्ये घर, समोर दुसरा टॉवर, त्याच्यामागे तिसरा. मी एका शाळेच्या ऑफिसात चिकटले आणि कितीतरी वर्षं कबड्डीचं नाव काढलं नाही. मग एका गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी सांगितलं की दुबईला, रास अल खोरमध्ये, टाइल्सच्या एका गोडाउनात आपल्या मराठी पोरांचा संघ दर रविवारी प्रॅक्टिस करतो. पुढच्याच रविवारी मी ह्यांना गाडी काढायला लावली. दीड तास जायला, दीड तास यायला. हे म्हणाले, "एवढ्या वेळात आपण ओमानच्या बॉर्डरवर पोचलो असतो." मी म्हटलं, "ओमानच्या बॉर्डरवर कबड्डी आहे का?"

संघाचं नाव नवतरुण. नाव ठेवलं तेव्हा असतीलही तरुण. इथल्या कबड्डीतले खरे राजे म्हणजे मंगळूरवाले, पण एके काळी त्यांनाही नवतरुणशी खेळताना घाम फुटायचा म्हणे. मग ह्या देशात सगळ्यांचं होतं ते झालं. एकाची कंपनी बंद पडली, एकाला कॅनडाचा व्हिसा लागला, दोघे मुलांच्या शाळेसाठी पुण्याला परत गेले. इथे संघ बांधायचा तो वाळूतच. बांधून होईतो अर्धे लोक विमानात बसलेले असतात. मागे उरले ते पोट सुटलेले आणि जुन्या कपांच्या गोष्टी सांगणारे. असा संघ दत्ताभाऊंनी हातात घेतला.

ते त्या गोडाउनचेच स्टोअर सुपरवायझर. मूळचे प्रभादेवीचे. बायको फार लवकर गेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. कंपनीने दिलेल्या खोलीत राहायचे, पण ट्रॅकसूटला इस्त्री अशी की कॉलरने बोट कापेल. पहिल्याच रविवारी त्यांनी कॅप्टन साळवींना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतकंच.

"साळवी, पुढच्या रविवारपासून तुम्ही पाण्याचं बघा."

"पाण्याचं म्हणजे?"

"पोरांना पाणी द्यायचं. पाय तुमच्या हातात राहत नाही, बाटली राहील."

साळवी त्यानंतर आले नाहीत. त्यांच्यामागोमाग आणखी चारजण गेले. दत्ताभाऊंना काही फरक पडला नाही. उरलेल्यांना आणि आम्हा मूठभर प्रेक्षकांना उभं करून त्यांनी सांगितलं, "दोन वर्षं हरायचंय. ज्याला झेपणार नाही त्याने क्रिकेट बघावं. खलास." हे 'खलास' म्हणजे त्यांचा पूर्णविराम होता. त्याच्यापुढे वाक्य नाही.

हरायचंय म्हणजे काय हो? प्रेक्षकाने दोन वर्षं काय करायचं, टाळ्या कशाला वाजवायच्या? शारजाच्या एका स्पर्धेत आमचा नवा पोरगा मंगळूरवाल्यांच्या अंगणात असा उभा राहिला, जसा दर्शनाच्या रांगेत. मी उठून ओरडले, "अहो, काढा त्याला! नारळ फोडायला पाठवलाय का?" दत्ताभाऊ मान खाली घालून, अख्खी बाजू चालत, माझ्यापर्यंत आले आणि अगदी आदराने म्हणाले, "वहिनी, पुढची चढाई तुमची. पर्स धरू का?" लोक इतके हसले की मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. त्या दिवसापासून आमची मैत्री. म्हणजे मी ओरडायचं आणि त्यांनी ऐकायचं नाही.

पोरांना ते नावाने हाक मारत नसत. गावाने किंवा राहत्या जागेने. ए गुहागर, ए कराड, ए सोनापूर. खूश असले तर मराठीत शिव्या घालायचे. पण "व्हेरी गुड!" असं इंग्रजीत ओरडले की समजायचं, तो पोरगा आज मेला. नव्या पोरांना हे माहीत नसायचं. ती बिचारी "थँक्यू भाऊ" म्हणायची, आणि मग जे व्हायचं ते व्हायचं.

आणि त्यांचे हात. त्याबद्दल आधी सांगायला हवं होतं, कारण नवतरुणच्या बाहेर दत्ताभाऊ ओळखले जायचे ते हातांमुळे. प्रभादेवीच्या व्यायामशाळेतल्या त्यांच्या वस्तादांनी त्यांना हाडं बसवायला शिकवलं होतं. लसूण आणि ओवा घालून तिळाचं तेल स्वतः कढवायचे. प्रॅक्टिस संपली की टाइल्सच्या खोक्यांवर पोरं रांगेने बसायची आणि भाऊ एकेकाचा खांदा, घोटा, मनगट चाचपायचे. डोळे मिटून. गोडाउनमधल्या एका पेशावरच्या फोर्कलिफ्टवाल्याचा निखळलेला खांदा त्यांनी बोलता बोलता बसवला. तो त्यांना "उस्ताद" म्हणत सलाम ठोकायचा. मग शेजारच्या वर्कशॉपमधले लोक यायला लागले. मग शेजारच्यांचे शेजारी.

आमच्या ह्यांची कंबर धरली होती. अबुधाबीतल्या मोठ्या क्लिनिकात फिजिओथेरपी चालू होती, एका सेशनचे साडेतीनशे दिरहॅम, म्हणजे आठ हजार रुपये, हे मोजत मोजत हे आणखी वाकडे होत होते. एका रविवारी गाडीतून उतरताच येईना. दत्ताभाऊंनी त्यांना खोक्यांवर पालथं झोपवलं. हे इंग्रजीत "एक्सक्यूज मी, प्लीज बी केअरफुल" वगैरे म्हणतायत तोवर काहीतरी कट्‌कन वाजलं आणि माझा पुण्याचा नवरा अस्सल परळच्या भाषेत ओरडला. ती भाषा त्यांना येते हे मला संसारात पहिल्यांदा कळलं. पण उठून चालले की हो! परत येताना गाडी त्यांनीच चालवली. त्यानंतर ओमानच्या बॉर्डरचं नाव नाही. दर रविवारी माझ्याआधी तयार.

हे सांगते ते अशासाठी, की आमचा सगळ्यांचा त्या हातांवर विश्वास होता. तो आंधळा नव्हता. डोळ्यांनी बघून बसलेला विश्वास होता.

ईशान आला तो संघ सगळ्यात वाईट हरत असताना. माझ्याच टॉवरमधला, कदमांचा मुलगा. वडील संजय मूळ कराडचे, कॉलेजात खेळलेले. पोरगा स्क्रीनसमोरून हलत नाही म्हणून त्याला धरून घेऊन आले. आई अनुजा माझी मैत्रीण, सकाळच्या चालण्याची सोबतीण. तिला हे मुळीच पसंत नव्हतं. पोरगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, उंच, काटकुळा, कानात ते दोन पांढरे मणी. जन्म अबुधाबीचा, मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून इंग्रजीच.

"आय डोन्ट ईव्हन नो द रूल्स," तो म्हणाला.

"उत्तम," दत्ताभाऊ म्हणाले. "रूल माहीत असलेलेच माझ्याकडे बाद होतात. कुठे राहतोस?"

"रीम आयलंड."

"चल रीम, ते कानातलं काढ. यल्ला."

आणि मग त्या पोराला त्यांनी महिनोन्‌महिने कोणाला हात लावू दिला नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला समोरच्यांच्या अंगणातली निदानरेषा, म्हणजे मध्यरेषेपुढे आखलेली रेषा, ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. दत्ताभाऊंनी सांगितलं, जायचं, ती रेषा ओलांडायची आणि परत यायचं. बस. गडी अगदी कुशीत आला तरी शिवायचं नाही. मॅचमध्येसुद्धा! रिकाम्या हाताने जातोय, रिकाम्या हाताने येतोय. मी तर हाय खाल्ली. एकदा ब्रेकमध्ये जाऊन मी भाऊंना विचारलं, "ह्याला गुण मिळवायला ठेवलाय की पोस्टमन म्हणून?" ते म्हणाले, "वहिनी, गुण आणायला कोणीपण जाईल. ह्याला परत यायला शिकवतोय."

ईशान मात्र चिडायचा नाही. का, कोण जाणे. घरी आईशी धड चार वाक्यं न बोलणारा पोरगा रविवारी भाऊंच्या मागे मागे फिरायचा. त्यांनी पाय बघायला शिकवलं. टाच उचलली की गडी पुढे येणार, पंजा वळला की कोपऱ्यातला झडप घालणार. गाडीत येताना तो मला हे सगळं इंग्रजीत समजावून सांगायचा आणि मधेच "टाच", "पंजा", "चवडा" असे शब्द यायचे. ते शब्द त्याला आई-बापाने शिकवले नव्हते.

तिसऱ्या वर्षी भाऊंनी त्याला मोकळा सोडला. काय सांगू तुम्हाला! पोरगा जायचा तो सावकाश, फिरायला निघाल्यासारखा, आणि समोरचा गडी वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकणार तेवढ्यात ह्याच्या पायाचा अंगठा त्याला लागून हा परत मध्यरेषेवर. मंगळूरवाल्यांचा जो कोपरारक्षक सगळ्या एमिरेट्समध्ये वाघ म्हणून मिरवायचा, तो एकाच मॅचमध्ये पाच वेळा बाद झाला आणि शेवटी हसायला लागला. आम्ही जिंकलो. माझा आवाज बसला तो आठवडाभर. शाळेत मुलं विचारायला लागली, "मॅम, आर यू सिक?" लोकांनी ईशानला खांद्यावर घेतलं होतं आणि दत्ताभाऊ खाली उभे राहून ओरडत होते, "अरे उतरवा त्याला, पडेल, पाय मोडाल त्याचा!"

त्यांनी त्याच्या चढायांचे व्हिडिओ मुंबईला एका जुन्या दोस्ताला पाठवले. तो आता एका व्यावसायिक संघात नवी पोरं निवडायच्या कामावर होता. त्याने ईशानला निवड चाचणीला बोलावलं. चार महिन्यांनी, मुंबईत.

इथे खरी लढाई झाली ती रीमच्या टॉवरमध्ये. अनुजा म्हणाली, इंजिनियरिंग अर्धवट सोडून कबड्डी? संजय गप्प, पण डोळ्यांत कराडचं मैदान. दत्ताभाऊ स्वतः आले. पांढरा शर्ट, चपला लिफ्टजवळच काढलेल्या, लॉबीतल्या संगमरवरावर अनवाणी चालत आले. मीही होते तिथे. सोफ्याच्या अगदी कडेवर बसून ते अनुजाला म्हणाले, "मॅडम, मी चाळीस वर्षं ह्या खेळात आहे. असा पोरगा माझ्या हातात आला नव्हता. आणि आता परत यायचा नाही. एक संधी द्या. चाचणीत नाही घेतला तर मी त्याला तोंड दाखवणार नाही, खुशाल शिकू दे."

"आणि ह्याला काही झालं म्हणजे?" अनुजाने विचारलं.

"माझ्या हाताखालून कोणी लंगडत गेलेलं नाही," दत्ताभाऊ म्हणाले.

ती तयार झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांगतेस म्हणून नव्हे हां. हा माणूस खोटं बोलत नाहीये म्हणून." तेव्हा ते खरंच खोटं बोलत नव्हते.

चाचणीला महिना राहिला असताना त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता, आमच्याच गोडाउनात. एका चढाईत दोघांनी ईशानचा घोटा धरला आणि तो मध्यरेषेकडे झेपावताना वळला. उजव्या गुडघ्यातून आवाज आला. पहिल्या रांगेत मला तो ऐकू आला. सामना आम्ही जिंकलो, पण पोरगा खोक्यावर बसला तेव्हा गुडघा नारळाएवढा सुजला होता. अनुजा म्हणाली, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. एमआरआय. दत्ताभाऊंनी तिला हाताने थांबवलं. डोळे मिटले. बराच वेळ चाचपलं. म्हणाले, "गादी सरकलीय. बसवतो."

तुम्ही म्हणाल, आई तिथे उभी असताना गप्प का बसली? संजय म्हणाला होता, भाऊंना बघू दे. सगळेच म्हणाले. फोर्कलिफ्टवाला पठाण म्हणाला, "उस्ताद है, बहन, डॉक्टर क्या करेगा." आणि भाऊंनी बसवलं, तेल लावलं, पट्टी बांधली. ते रोज रास अल खोरहून ड्युटी संपवून बसने अबुधाबीला यायचे. बसने! मालिश करायचे आणि परत जायचे. आठवड्याभरात सूज उतरली. दुसऱ्या आठवड्यात ईशान समुद्रकाठच्या कॉर्निशवर सरळ पळत होता. अनुजासुद्धा म्हणाली, "देवच आहेत बाई." एमआरआयचं नाव मागे पडलं.

अंतिम सामन्याला त्याला खेळवायची काय गरज होती? हे मी हजारदा स्वतःला विचारलंय. चाचणी पंधरा दिवसांवर. मी भाऊंना विचारलं होतं, सामन्याआधीच. ते म्हणाले, "वहिनी, आता बाहेर बसवला तर भीती गुडघ्यात जाऊन बसेल. मग तिथे मुंबईत वळताना अडखळेल. एकदा वळून परत आला की मोकळा झाला. आमच्या वस्तादांनी आम्हाला असंच काढलं." मग ते त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले, पट्टी घट्ट केली, दोन्ही हातांनी गुडघा धरून डोळे मिटले, आणि उठून म्हणाले, "जा रीम. खलास."

तिसरी की चौथी चढाई होती. कोणी धरलंही नव्हतं त्याला. तो अंगठा लावून वळला, फक्त वळला, आणि पाय जागच्या जागी राहिला आणि वरचं अंग पुढे गेलं. तो जो ओरडला, ते मी इथे लिहू शकत नाही. त्याचा हात मध्यरेषेपासून वितीवर होता. दत्ताभाऊ धावत गेले, पण त्याच्याजवळ जाऊन थांबले. हात पुढे केलेले, आणि लावत नव्हते. मग कोणीतरी अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं ते साधं होतं. पहिल्या वेळी आतला अस्थिबंध अर्धा फाटला असणार. तेव्हाच विश्रांती आणि उपचार मिळाले असते तर पोरगा वर्षभराने खेळू शकला असता. कदाचित. आता पूर्ण तुटलाय, गादीचे तुकडे झालेत, हाडाचं टोकही सोललंय. चालेल. खेळणं विसरा. अनुजा वळली आणि कॉरिडॉरच्या टोकाला उभ्या असलेल्या दत्ताभाऊंपाशी गेली. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुमच्या ह्या हातांनी केलंत."

"हो," ते म्हणाले.

नवतरुणची माणसं त्यांना धीर द्यायला बघत होती. खेळात होतं हो, नशीब, दृष्ट लागली. संजयसुद्धा म्हणाला, बिचारा, "भाऊ, तुम्ही जाणूनबुजून थोडंच..." दत्ताभाऊंनी सगळ्यांना एकच सांगितलं, "खेळात नाही झालं. मी केलं." कोणी फार बोललं तर उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसायचे. ईशानची दोन ऑपरेशनं झाली. ते प्रत्येक वेळी आले, खालच्या मजल्यावर बसले, वर आले नाहीत. मग कंपनीला सांगून त्यांनी फुजैराच्या यार्डात बदली मागून घेतली. तिथे बंदर, तेलाच्या टाक्या आणि डोंगर. कबड्डी नाही. एक गडी गेला, कोच गेला, संघ मोडला. रविवार रिकामे झाले. आम्ही आता मॉलमध्ये जातो.

दोनेक वर्षांनी ईशान माझ्या दारात आला. "आंटी, फुजैराला न्याल मला? मम्मीला सांगू नका." तो मराठीत बोलतोय हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "भाऊंना सांगायचंय की माझा राग नाही." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चला, ह्यातून काहीतरी चांगलं निघेल.

दत्ताभाऊ दुसऱ्या मजल्यावर राहत होते, बाहेरून लोखंडी जिना. ते वरच उभे होते. ईशान दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी चढत होता आणि भाऊ त्याच्या पायांकडे बघत होते. किती वाळले होते! ट्रॅकसूट तोच, इस्त्री नव्हती. खोलीत एकच खुर्ची, ती त्यांनी ईशानला दिली, मला पलंगावर बसवलं, स्वतः चहा करून आणला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कॉलेज कसं चाललंय, बाबा कसे आहेत. मांडी घालता येते का, हे विचारलं. ईशान म्हणाला, नाही.

मग ईशान म्हणाला, "भाऊ, आय डोन्ट ब्लेम यू. म्हणजे, माझा तुमच्यावर राग नाही."

"मग कोणावर आहे?" भाऊंनी विचारलं.

ईशानने हातातला कप खाली ठेवला. मग तो बोलायला लागला आणि थांबेना. फायनलच्या आदल्या दिवशी गुडघा आतून सुटल्यासारखा वाटत होता. वळलं की सरकायचा. त्याने कोणालाच सांगितलं नाही. भाऊंना सांगितलं असतं तर त्यांनी बाहेर बसवलं असतं, मग चाचणी गेली असती, आणि भाऊ एवढे बसने यायचे, त्यांना काय वाटलं असतं. "मीच बोललो नाही, भाऊ. इट वॉज मी. मी बोललो असतो तर..." दोन वर्षं हा पोरगा हे पोटात घेऊन फिरत होता. आई शेजारच्या खोलीत, मी चार मजले वर, आणि कोणाला पत्ता नाही.

दत्ताभाऊ तसेच उभे होते. मग अगदी साध्या आवाजात, माल किती आला ते सांगावं तसं म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"गुडघा सुटलाय ते. पट्टी बांधताना हाताला लागलं. तू सांगायची गरज नव्हती, मला कळलं होतं. तरी पाठवला. मला माझा माणूस मुंबईत खेळलेला बघायचा होता. माझी हाव होती ती. तू बोलला असतास तरी मी पाठवलाच असता."

ईशानचा चेहरा बदलत गेला तो मी पाहिला. मऊ होता तो कडक झाला. "यू न्यू?" तो ओरडला. "यू न्यू अँड यू सेंट मी?" भाऊ म्हणाले, "हो." खुर्ची मागे पडली. तो बाहेर गेला, आणि त्या लोखंडी जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज धाडधाड खाली गेला.

मी त्याच्यामागे गेले नाही. मी फायनलच्या दिवशी भाऊंचा चेहरा पाहिला होता. गुडघ्यावरून हात काढून ते उठले तेव्हा. काही लपवणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता तो. लहान मुलाला पतंग उडाल्यावर होतो तसा आनंद होता त्याच्यावर. ह्या माणसाला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. मी शपथेवर सांगेन.

"भाऊ," मी म्हटलं, "खोटं बोललात तुम्ही."

ते दारात जाऊन उभे राहिले होते, खाली बघत. "वहिनी, त्याला पुन्हा आणू नका," ते म्हणाले. "आणि हे त्याला सांगू नका. त्याच्या आईलाही नको. माझ्यावर राग धरला तर जगेल तो. स्वतःवर धरला तर मरेल." मग त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. खाली ईशान गाडीशी जाऊन उभा होता, आमच्याकडे पाठ करून.

"कठडा न धरता उतरला," दत्ताभाऊ म्हणाले. "बघितलंत ना?"